नऊ नंबरचा गठ्ठा

खाणीत पाणी शिरलं तेव्हा सगळे गडी जेवायला वर आलेले होते, म्हणून माणूस एकही गेला नाही. काम मात्र सगळ्यांचं गेलं. शेजारच्या सोडून दिलेल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाणी साठलं होतं. मधली भिंत फुटली आणि घटकाभरात खालचे दोन्ही बोगदे भरले. तेव्हापासून एक पंप दिवसरात्र धडधडत होता. पाणी हातभर उतरायचं, पंप बंद पडायचा, आणि दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा जिथल्या तिथं.

खाण बंद म्हणजे अभ्रकाचे ठोकळे बंद, आणि ठोकळे बंद म्हणजे शेडमधल्या बायकांच्या हाताला काम नाही. आधीचा साठा होता तोवर मुकादमानं रेटलं. मग आठवड्यातले चारच दिवस शेड उघडायला लागली. आणि एका संध्याकाळी बायका घरी निघाल्या तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला.

"सोळाजणी पुढं चालायच्या नाहीत," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "दहाच ठेवायला सांगितलंय. कोण ते मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा मला कुणी विचारू नका."

त्या दिवसापासून बायकांचं बोलणं आटलं. आधी शेडमध्ये सुरीच्या करकरीपेक्षा तोंडांचाच आवाज जास्त असायचा. आता जी ती आपल्या ढिगाकडं बघायची आणि मग हळूच शेजारणीच्या.

सोळाजणींत एकाच घरातल्या दोघी होत्या. सासूला सगळे थोरली म्हणत. सून लग्न होऊन आली आणि चौथ्याच दिवशी शेडमध्ये बसली, तेव्हापासून तिला सगळे सूनबाईच म्हणत आले, मुकादमसुद्धा. आता तिचे केस कानांपाशी पिकले होते तरी ती सूनबाईच.

थोरलीच्या हाताचं त्या भागात नाव होतं. अभ्रकाचा ठोकळा म्हणजे वहीसारखा. पानावर पान चिकटलेलं. सगळ्याच बायका ती पानं सोडवायच्या. थोरली मात्र सुरीचं टोक कडेला लावायची, मनगट जरासं वळवायची, आणि पापुद्रा असा अलगद हातात यायचा की तो आधीच सुटलेला असावा. बाहेरून कुणी माल बघायला आलं की मुकादम त्याला आधी थोरलीसमोर आणून उभं करायचा. थोरली मान वर करायची नाही. पाहुणा गेल्यावर म्हणायची, "बघून गेला. जणू गाय विकत घ्यायला आला होता."

पण गेली दोन वर्षं थोरलीला नीट दिसत नव्हतं.

पापुद्रे काढायला तिला डोळे लागत नव्हते, बोटं पुरायची. खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता. काढलेलं प्रत्येक पान खिडकीच्या उजेडात धरून बघायचं असतं. तांबूस डाग, काळा ठिपका, सुईएवढं भोक असलं की ते पान बाजूला टाकायचं. हा माल जायचा इस्त्र्यांच्या आणि शेगड्यांच्या कारखान्यांत. तिथं तापणारी तार ह्याच पानांवर गुंडाळतात. अभ्रक जळत नाही आणि विजेला पलीकडं जाऊ देत नाही. पण डाग असला की वीज तिथून वाट काढते. हे मुकादमानं इतक्यांदा सांगितलं होतं की बायका त्याची नक्कल करायच्या. "डाग म्हणजे दार. दार उघडं ठेवाल तर चोर घरात." त्यांच्यातल्या एकीच्याही घरी इस्त्री नव्हती. कपडे घडी घालून गादीखाली ठेवायचे, झोपेत इस्त्री.

थोरली पान खिडकीकडं धरायची, मान तिरकी करायची, क्षणभर थांबायची आणि पान चांगल्यात टाकायची. सवयीनं. सूनबाई तिच्या डाव्या हाताला बसायची. थोरली पाणी प्यायला उठली की सूनबाई तिचा ढीग आपल्याकडं ओढायची, भराभर पानं उजेडात धरायची, डागी पानं आपल्या मांडीखाली सारायची. संध्याकाळी म्हणायची, "आई, तुमचे गुडघे धरलेत. गठ्ठा मी बांधते." थोरलीला वाटायचं, सून मायेची आहे. तिला स्वतःच्या डोळ्यांचं कळत होतं, पण इतकं कळत नव्हतं. रोज गठ्ठे जात होते, एकही परत येत नव्हता. मग दिसत असणारच, असं तिनं धरून ठेवलं होतं.

हे सूनबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

नवरा खाणीत खाली जायचा. आता तो घरी होता. पहिले चार दिवस त्यानं छप्पर दुरुस्त केलं, नळीचं गळणं थांबवलं, दाराची बिजागरी बदलली. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही. सकाळी तो पंपापाशी जाऊन उभा राहायचा आणि दुपारी परत यायचा. "किती उतरलं?" असं विचारलं की हातानं दाखवायचा, वीतभर, दोन वीत. मग विचारणं बंद झालं. घर दोघींच्या हातांवर चाललं होतं, आणि एका संध्याकाळी जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "आईला ते काढायचे नाहीत. तिचं नाव आहे. तू मात्र जपून." सूनबाईनं मान हलवली. 

अशातच तिला ताप आला.

दोन दिवस ती उठली नाही. पहिल्या सकाळी उठायचा प्रयत्न केला आणि उंबऱ्यापाशीच बसली. थोरलीनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "पड गप. तुझ्यावाचून शेड ओस नाही पडायची." सूनबाई ताप भरल्या डोळ्यांनी तिला जाताना बघत राहिली. थोरली भिंतीला हात लावत लावत गल्लीच्या वळणापर्यंत गेली. सूनबाईला वाटलं, दोनच तर दिवस. दोन दिवसांत काय होतंय.

तिसऱ्या आठवड्यात गठ्ठा परत आला.

मुकादमानं शेडमध्ये पाऊल टाकलं तेच तोंड पाडून. मागं हमालानं लाकडी खोकं आणून मधोमध ठेवलं. मुकादमानं वरचा गठ्ठा उचलला, दोरा तोडला आणि पानं फरशीवर पसरली. बायकांनी माना पुढं केल्या. लांबून दिसत होतं. पाच-सहा पानांत एक डागी. काहींना चक्क तांबूस बुंदक्या.

"तिकडं इस्त्र्या तपासणारी एक बाई भाजली," तो म्हणाला. "विजेचा धक्का बसून मागं फेकली गेली. हात भाजला. जगली म्हणून नशीब. आता सगळा माल ते परत तपासणार आहेत, आणि पुढची मागणी द्यायची की नाही ते नंतर सांगणार आहेत." त्यानं गठ्ठ्यावरची चिठ्ठी वर धरली. "नऊ नंबर."

प्रत्येक गठ्ठ्यावर बांधणारीच्या नंबरची चिठ्ठी जायची; नऊ नंबर चिमणीचा.

चिमणी म्हणजे अंगानं बारकी, हातानं चपळ, आणि शेडमधली सगळ्यात जास्त बोलणारी. थोरलीच्या उजव्या हाताला बसायची. घरी ती आणि तिची बहिरी मोठी बहीण, दोघीच. बहिणीला कुणी कामाला घेत नव्हतं. चिमणी पुढं आली, एक पान उचललं, उजेडात धरलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"चिठ्ठी कुणाची?"

"चिठ्ठी माझी. पान माझं नाही."

"मग चिठ्ठी काय उडत गेली?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सूनबाई जागेवरून हलली नव्हती, पण तिनं ओळखलं होतं. पसरलेल्या पानांच्या कडा तिला दिसत होत्या. प्रत्येकीचा हात वेगळा. कुणी कड सरळ कापते, कुणी दातेरी ठेवते. ह्या पानांचा एक कोपरा किंचित तिरका, डावीकडं उतरता कापलेला होता. तसा कोपरा शेडमध्ये एकटी थोरली कापायची. थोरलीचा नंबर आठ. चिठ्ठ्यांचे डबे फळीवर शेजारी शेजारी, आठ आणि नऊ. त्या दोन दिवसांत थोरलीनं स्वतःचा गठ्ठा स्वतः बांधला होता, आणि हात घातला होता चिमणीच्या डब्यात.

थोरली मात्र जोरात बोलली. "मुकादम, चिमणीचा हात असा नाही. पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसतेय. काहीतरी घोळ आहे. दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"कुणाचं?"

"ते मला काय ठाऊक. ज्या बाईचं असेल तिनं उठून सांगावं."

कुणी उठलं नाही. चिमणीनं सगळ्यांकडं बघितलं. मग तिची नजर सूनबाईवर येऊन थांबली. फार वेळ नाही. सुरी धार लावायला घ्यावी तेवढाच वेळ. सूनबाईनं मांडीवरचं पोतं सारखं केलं.

चिमणीला त्याच दिवशी जायला सांगितलं. ती आपली सुरी फडक्यात गुंडाळून निघाली. दारापाशी थांबली आणि थोरलीला म्हणाली, "येते हो." रोजच्यासारखं. त्यानंतर तिची जागा तशीच राहिली. तिथं कुणी सरकलं नाही.

संध्याकाळी सूनबाईनं नवऱ्याला परसात बोलावून सगळं सांगितलं. डोळ्यांचं, ढीग निवडण्याचं, चिठ्ठीचं. तो लाकूड फोडत होता. त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस." मग म्हणाला, "तू सांगितलंस तर आई जाईल. तू झाकत होतीस म्हणून तुलाही काढतील. मग तिघांनी काय पंपाचं पाणी प्यायचं?"

"आणि चिमणी?"

"चिमणी एकटीच आहे. कुठंतरी लागेल कामाला."

"एकटी नाही. बहीण आहे."

 त्यानं कुऱ्हाड ओढून काढली आणि पुन्हा घातली. सूनबाईला त्याचा राग आला, आणि त्यानं आपल्याला गप्प बसायला सांगितलं म्हणून बरंही वाटलं. हे दुसरं तिला जास्त लागलं.

पुढचे दिवस वाईट गेले. वाईट असे की बाहेरून काहीच झालं नाही. दोघी सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या. आता सूनबाई प्रत्येक पान दोनदा बघायची, थोरलीचंही आणि स्वतःचंही, आणि तिचं स्वतःचं काम मागं पडायचं. मुकादम येता-जाता तिच्या ढिगाकडं बघून म्हणायचा, "सूनबाई, झोप लागली का?" मान भरून यायची. हातांच्या भेगांत अभ्रकाची पूड जाऊन बसायची, आणि रात्री हात धुतले तरी ती चमकायचीच. भातात चमक, उशीवर चमक.

आणि घरी थोरली सुरू व्हायची.

"कोण असेल गं ती?" ती चुलीपाशी बसून म्हणायची. "त्या बुटकीचा हात आहे तसा घाणेरडा. नाहीतर कोपऱ्यातली. पण काय छातीची बाई म्हणायची. दुसरीच्या पोटावर पाय देऊन रोज समोर येऊन बसते. तिला घास कसा उतरतो?"

"जाऊ द्या ना आई."

"जाऊ द्या काय? उद्या तुझ्यावर आलं असतं म्हणजे? अशा बाईच्या हाताला ना..." ती थांबायची, कारण शिव्या देणं तिला जमायचं नाही, आणि मग म्हणायची, "तिचे हात झडोत."

सूनबाई भांडी घासायला बाहेर जायची. भांडी घासून झालेली असली तरी.

आठव्या दिवशी शेड बंद होती. सूनबाईनं पिशवीत दोन मापं तांदूळ घातले आणि ती टेकाडामागं गेली. कुणीतरी सांगितलं होतं की चिमणी आणि तिची बहीण तिकडं चुरा वेचतात. खाणीतून निघालेला वर्षानुवर्षांचा टाकाऊ माल तिथं डोंगरासारखा पडला होता. नखाएवढे तुकडे, माती, दगड. मोठी पानं निघणार नाहीत असला हा अभ्रक दळणाच्या गिरणीवाले घेत. त्याची पूड करून रंगात घालायची, टायरच्या रबरात घालायची, बायकांच्या गालांना लावायच्या पावडरीत घालायची. पापुद्रे काढणाऱ्या बाईनं तिथं जाणं म्हणजे शिवणकाम करणारीनं चिंध्या वेचायला जाणं.

उन्हात सगळा ढीग लखलखत होता; डोळे उघडे ठेवता येत नव्हते. दोघी बहिणी उकिडव्या बसून खुरप्यानं उकरत होत्या. बहिरीनं तोंडाला फडकं बांधलं होतं. चिमणीनं बांधलं नव्हतं, कारण ती बोलत होती, बहिणीला ऐकू येत नसतानाही. सूनबाईची सावली पडली तशी ती थांबली.

"ये. बस," ती म्हणाली. "जपून, तुकडे धारेचे आहेत."

तिची बोटं कापलेली होती. तीन बोटांना चिंध्या. सूनबाईनं पिशवी खाली ठेवली.

"तांदूळ आहेत थोडे."

"असू दे." चिमणीनं पिशवीकडं बघितलं नाही. "थोरली कशी आहे?"

"बरी आहे."

"तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने. लोंबकळत ठेवू नका. मोतीबिंदू असला तर कापून निघतो, आमच्या आत्याचा निघाला होता."

सूनबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुला कोणी सांगितलं, तिला दिसत नाही म्हणून?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? शेजारीच तर बसते मी." चिमणी खुरप्यानं माती सारत राहिली. "तू उठलीस की मीच तिची चार पानं काढून घ्यायचे. तू डावीकडून, मी उजवीकडून. तुला वाटायचं तू एकटीच निवडतेस. त्या दोन दिवसांत मलाही जमलं नाही, मुकादम सारखा डोक्यावर उभा. म्हटलं, दोन दिवसांत काय होतंय."

बहिरी बहीण दोघींच्या तोंडांकडं बघत होती.

"मग तू बोलली का नाहीस?" सूनबाई म्हणाली. "तुला कोपरा ओळखू आला होता. तेव्हाच का नाही सांगितलंस, आठ नंबरचं आहे म्हणून?"

चिमणीनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"म्हातारीला सगळ्यांसमोर मी कशी उघडी पाडू? मी परकी." ती म्हणाली. "तू होतीस ना तिथं. मला वाटलं, तू बोलशील."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सूनबाईला सोपं गेलं असतं. ती उठली, टेकाड उतरली, आणि अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की बहिरी मागून येतेय. बहिरीनं तांदळाची पिशवी तिच्या हातात परत दिली आणि ती माघारी वळली.

घरी थोरली दारात बसून हातांना तेल चोळत होती. सूनबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, तो गठ्ठा तुमचा होता."

थोरलीचे हात थांबले नाहीत. तिला वाटलं, भलतंच काही ऐकलं. "कुठला?"

"परत आला तो. मला ताप होता तेव्हाचा. तुम्ही चिठ्ठी चिमणीच्या डब्यातून घेतलीत." आणि एकदा तोंड उघडलं तसं सगळंच बाहेर आलं. दोन वर्षांचे ढीग, मांडीखालची पानं, डावीकडून ती आणि उजवीकडून चिमणी.

थोरली ऐकत राहिली. तेलाचे हात तिनं तसेच मांडीवर ठेवले होते.

"म्हणजे मला दिसतच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "आणि मी पाहुण्यांसमोर मिरवत होते." मग विचारलं, "तुला कधी कळलं? गठ्ठ्याचं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी." थोरलीनं मान हलवली. "आणि आठ दिवस मी ह्या चुलीपाशी बसून त्या बाईचे हात झडोत म्हणत होते. तू भांडी घासत होतीस."

नवरा आतून आला होता आणि दाराला टेकून उभा होता. "मीच तिला सांगितलं गप्प बस म्हणून," तो म्हणाला. "पोटाचा प्रश्न आहे, आई."

"तू मध्ये बोलू नकोस," थोरली म्हणाली. "तू पंप बघ." इतकं कडू ती मुलाशी कधी बोलली नव्हती. तो बाहेर निघून गेला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि सूनबाईनं आग्रह केला नाही.

सकाळी शेड उघडली तशी थोरली आपल्या जागेवर बसली नाही. सुनेचा हात सोडून, एकटी, चाचपडत मुकादमाच्या टेबलापाशी गेली.

"नऊ नंबरचा गठ्ठा माझा," ती म्हणाली. "चिमणीला बोलवा."

मुकादम हसला. "थोरली, तुम्ही मायाळू आहात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बसा कामाला."

"मला दिसत नाही."

तो हसायचा थांबला. टेबलावरून पानांची एक चवड उचलली. त्यातली काही चांगली, काही डागी. ती तिच्यासमोर ठेवली. "निवडा बरं," तो म्हणाला.

थोरली खाली बसली. शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. तिनं पहिलं पान उचललं, कानाशी नेऊन जरासं वाकवलं. "ह्याला चीर आहे," ती म्हणाली आणि बाजूला टाकलं. खरंच चीर होती. दुसरं बोटांत फिरवलं. "हे जाड. अजून दोन निघतील ह्यातून." तेही खरं. मग ती पानं खिडकीकडं धरायला लागली. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. एक चांगल्यात. एक डागीत. एक चांगल्यात. सूनबाई तिच्या मागं उभी होती, आणि तिला दिसत होतं: चांगल्यात टाकलेल्या पानावर बोटाच्या पेराएवढा तांबडा डाग, आणि डागीत पडलं होतं ते काचेसारखं स्वच्छ. थोरली मन लावून निवडत होती. तिला खरंच बघायचं होतं की किती दिसतंय. कपाळावर घाम आला होता. कोपऱ्यातल्या एका बाईनं तोंड फिरवलं.

"पुरे," मुकादम म्हणाला.

"अजून चार आहेत."

"पुरे, थोरली बाई."

तिनं उरलेली चार पानं जमिनीवर ठेवली, नीट, एकावर एक. "किती चुकली?" तिनं विचारलं. मुकादमानं सांगितलं नाही. तेव्हा तिनं मान वळवून सुनेला विचारलं. सूनबाई म्हणाली, "निम्मी."

"निम्मी," थोरली म्हणाली. "म्हणजे डोळे मिटून टाकली असती तरी तेवढीच."

तिला घरी पाठवलं. सूनबाईला काढलं नाही; मुकादम म्हणाला, काढायलाच हवं होतं, पण डोळे आहेत, दहाजणींचं ठरेपर्यंत राहू दे. तिला खिडकीपासून उठवून मागं, कापलेल्या कडांची कतरण गोळा करायला बसवलं. मजुरी निम्म्यावर आली. चिमणीला निरोप गेला. ती तिसऱ्या दिवशी आली, बोटांच्या चिंध्यांसकट, आणि आली ती सरळ दुसऱ्या टोकाच्या खिडकीपाशी जाऊन बसली. तिकडं पुन्हा तिचं बोलणं सुरू झालं. सूनबाई मागं बसून ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर यायचा. चिमणी तिच्याशी भांडली नाही, टोमणा मारला नाही. समोर आली की बाजूनं जायची, वाटेत पोतं पडलेलं असावं तशी.

नवरा दळणाच्या गिरणीत पोती उचलायला लागला. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा चकचकीत असायचा आणि खोकायचा. तो बायकोला काही बोलला नाही. पण परसात जाऊन तोंड धुताना एकदा म्हणाला, "खाणीत निदान काळोख असतो. गिरणीत सगळं दिसतं आणि श्वास घेता येत नाही."

थोरली घरीच. ती सुनेशी बोलायची, पण कामापुरतं. मीठ कुठंय, पाणी आलं का. डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख मिळाली होती, दोन महिन्यांनंतरची. एका संध्याकाळी सूनबाई कामावरून आली तर ती धुतलेले कपडे घालून, केस विंचरून खाटेवर बसलेली.

"मला चिमणीकडं ने," ती म्हणाली.

दोघी निघाल्या. थोरलीनं सुनेच्या कोपराला धरलं होतं. चिमणीचं घर गल्लीच्या शेवटी, तीन पायऱ्या चढून. दार उघडंच होतं. आत बहिरी निवडायचे दाणे घेऊन बसली होती. चिमणी बाहेर आली आणि दोघींना बघून क्षणभर दारातच उभी राहिली.

"चिमणे," थोरली म्हणाली, "मी माफी मागायला आलेय. उभ्यानं मागू की बसून? उभ्यानं जास्त वेळ होणार नाही माझ्यानं."

"आत या," चिमणी म्हणाली. तिनं खाली उतरून थोरलीचा दुसरा हात धरला. सूनबाई एका बाजूनं पायरी चढायला लागली तशी चिमणी म्हणाली, "मी नेते." आवाज मऊच होता. सूनबाईनं कोपर सोडवून घेतलं.

दोघी आत गेल्या. दार कुणी लावलं नाही, पण ये म्हणून कुणी वळूनही बघितलं नाही. सूनबाई खालच्या पायरीशी उभी राहिली. समोरच्या घरातली बाई कपडे काढायला बाहेर आली, तिनं सूनबाईकडं बघितलं, आत कुणाचे आवाज आहेत ते ऐकलं, आणि कपडे घेऊन आत गेली. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग थोरलीचा आवाज, बारीक, लांबत गेलेला. मग नुसती चिमणी. पेल्यांचा आवाज. आणि बऱ्याच वेळानं चिमणीनं मुकादमाची नक्कल केली असावी, कारण थोरली हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसली.

सूनबाई पायरीवर बसली नाही. बसलं तर आपल्याला इथं बोलावलंय असं दिसेल, असं तिला वाटलं. दिवस मावळला. गल्लीत दिवे लागले.

चिमणी थोरलीला घेऊन बाहेर आली तेव्हा तिनं पायऱ्या मोजत तिला खाली उतरवलं. "ही एक. ही दोन. ही तीन. आता सपाट." मग थोरलीचा हात तिनं सूनबाईच्या हातावर ठेवला. ठेवताना तिची चिंध्या बांधलेली बोटं सूनबाईच्या मनगटाला लागली.

"वळणापाशी खड्डा खणलाय," चिमणी थोरलीला म्हणाली. "डावीकडून जा."

"हिला दिसतोय तो," थोरली म्हणाली.

"हो," चिमणी म्हणाली. "हिला दिसतं."

आणि ती पायऱ्या चढून आत गेली. सूनबाई सासूला धरून गल्लीनं चालायला लागली, डावीकडून.